वऱ्हाडी बोली आणि गैरसमजाचा विनोद

बुलडाणा जिल्ह्यात नव्याने आलेल्या पुणेरी पाहुण्यास ‘मामा जेवून राह्यले’ या वाक्यातून मामा मुक्कामास थांबल्याचा बोध होतो. वास्तविक मामा अद्याप पानावरच असतात. ‘काया बैल’मधील ‘काया’ त्यास देहवाचक वाटते. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. सख्ख्या भाषांत हे नित्याचेच. जर्मन जाणणारा डच शिकताना असाच फसतो : जर्मन ‘मेर’ म्हणजे समुद्र, डच ‘मेर’ म्हणजे तळे. परका शब्द माणूस विचारून घेतो, ओळखीचा विचारीत नाही. म्हणूनच खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांच्या ‘मेड इन इंडिया’ (१९८७) या वऱ्हाडी कादंबरीच्या वाचनास कठीण शब्दांची सूची पुरत नाही. तिच्या विनोदास केवळ ‘गावरान’ ठरविणे अन्यायकारक होय. येथे फसतो तो प्रमाणभाषक वाचक, बोलणारा नव्हे.