आवड आणि पारख

'ज्याची त्याची आवड! चांगले-वाईट ठरवणारे आपण कोण?' मैफल संपल्यावर चहाच्या कपाबरोबर हे वाक्य हमखास ऐकू येते. वरवर ते उदार वाटते. पण ते खरे मानले, तर गुरूने शिष्याला वर्षानुवर्षे समोर बसवून घासायचे तरी कशासाठी?

दुसऱ्या टोकाला मोजपट्टीवाले आहेत. गायनस्पर्धेत परीक्षकाच्या कागदावर सूर, ताल, आवाज, सादरीकरण असे रकाने असतात. बेरीज झाली की निकाल. असे कागद मीही भरले आहेत. बेसूर होणे, समेला चुकणे हे दोष आहेत आणि ते दाखवून देता येतात, हे मान्यच. पण अडचण पहिल्याच रकान्यापासून सुरू होते. दरबारीतला आंदोलित गंधार पेटीच्या पट्टीवर सापडत नाही. तो तिच्याहून उतरलेला असतो. पेटीच्या मापाने तो चूक, रागाच्या मापाने अचूक. आता तर यंत्राने बेसूर गळाही सुरात बसवता येतो. तेवढ्याने गाणे होते काय?

आवाजाचा रकाना घ्या. गंगूबाई हनगल (१९१३-२००९) यांच्या तरुणपणीच्या ध्वनिमुद्रिकांत आवाज बारीक आणि उंच आहे. पुढे घशाच्या दुखण्यानंतर तो भरदार, जवळजवळ पुरुषी झाला. बाईचा आवाज नाजूकच हवा, या हिशेबाने त्यांना किती गुण पडले असते? पण सवाई गंधर्वांकडून मिळालेली संथ बढत, एकेका सुरावर ठाम उभे राहणे याला तोच आवाज साजला. आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व (१९२४-१९९२) यांचे एक फुफ्फुस क्षयाने निकामी केले. दमसासाच्या मापाने ते मागेच पडले असते. त्यांनी लहान लहान स्वरवाक्यांतून राग उभा केला. ही माझी खासगी लहर नव्हे. ध्वनिमुद्रणे लावून कोणालाही हे पडताळता येते.

माझ्या मते 'मला आवडले' हे माझ्याविषयीचे विधान आहे आणि 'हे चांगले आहे' हे गाण्याविषयीचे. पहिल्याला कारण लागत नाही, दुसऱ्याला द्यावे लागते. आणि दिलेले कारण दुसऱ्याला खोडताही आले पाहिजे. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या अनवट रागांपेक्षा भीमसेनांची तान मला अधिक ओढते. म्हणून मन्सूरांना मी तसूभरही कमी लेखणार नाही. पारख ना मापात असते, ना लहरीत. ती कारणांत असते.

हा वाद नुसता चहापुरता नाही. जाड आवाजाच्या एखाद्या मुलीला 'आवाज' या रकान्यात कमी गुण पडतात, कारण कोणी सांगत नाही, आणि ती तंबोरा कायमचा गवसणीत घालते. म्हणून परीक्षकांना एवढेच विनवावेसे वाटते : आकड्याखाली दोन ओळी कारणाच्याही लिहा. त्या लिहिता येत नसतील, तर आकडाही घालू नका.