अध्ययनशैलीची उपपत्ती आणि पाकशाळेतील अध्यापन

आतिथ्यव्यवसायाच्या शिक्षणाची चर्चा करताना एक उपपत्ती बहुधा गृहीत धरली जाते. प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतःची अध्ययनशैली असते व अध्यापनपद्धती तिच्याशी जुळती ठेविल्यास शिक्षण अधिक फलद्रूप होते, असे तिचे प्रतिपादन आहे. कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवाधिष्ठित अध्ययनाचे चक्र मांडले. फ्लेमिंग यांनी १९९२ मध्ये दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन व कृती असे चार प्रकार कल्पिले.

वर्गीकरण मोहक आहे खरे. पण पुरावा कोणता? एका शैलीच्या विद्यार्थ्यांना जी पद्धती हितकर, ती दुसऱ्या शैलीच्यांना तशी नाही, हे एकाच परीक्षेतून दिसले पाहिजे, अशी कसोटी पॅश्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लाविली. तिला उतरणारा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. विद्यार्थ्यांना आवडनिवड नसते, असा याचा अर्थ नव्हे. आवड आणि आकलन या दोन गोष्टी निराळ्या, इतकेच.

वसईच्या ख्रिस्ती घरांत सणासमारंभाला होणारे फुगे घ्या. पूर्वी ते पीठ ताडीने आंबवीत, आता यीस्टने. पीठ आंबून तयार झाले की नाही, हे डोळ्यांनी व बोटांनीच कळते; मूठ दाबून गोळा तेलात सोडण्याची लकब व्याख्यानाने येत नाही. उलट, याच पदार्थाचा शंभर पाहुण्यांसाठीचा खर्च कागदावर आकडेमोड केल्यावाचून निघत नाही. येथे पद्धती ठरविते ती विषयाची प्रकृती. 'कृतिशील' विद्यार्थ्यास हिशेबातून व 'वाचनप्रिय' विद्यार्थ्यास चुलीपासून सूट द्यावयाची काय? मुंबईत १९५४ साली लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने या विषयाची संस्था निघाली, तिचा व्यापही पाककर्म आणि पोषणशास्त्र असा दुहेरी होता.

विद्यार्थ्यांत भेद आहेतच. पण ते पूर्वज्ञानाचे आहेत. घरी फुगे वळलेल्या वसईच्या मुलीला प्रात्यक्षिकातील पहिल्या पायऱ्या नकोत. विरारच्या चाळीतून आलेल्या, ते कधी न पाहिलेल्या मुलाला त्या हव्यातच. आणि भाषेचे काय? मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी व्याख्यान व 'मीरप्वा'सारखे फ्रेंच शब्द एकदमच ऐकतो. शैलीच्या प्रश्नावलीत तो साहजिकच 'ऐकून समजत नाही' असे लिहितो, आणि आपण त्याच्यावर 'दृश्य' असा शिक्का मारतो! मग त्याला चित्रे दाखविली जातात. त्या शब्दांचा अर्थ मराठीतून सांगावा, हे मात्र कोणास सुचत नाही.