पाषाणातला बेडूक आणि खडकातले शैवाल

सामानगडाचे काम चालू असताना रामदासांनी एक शिळा फोडायला लावली, आत पाणी आणि जिवंत बेडूक निघाला, आणि इतक्यांचे पोट आपण भरतो हा शिवरायांचा अभिमान गळाला, ही आख्यायिका सर्वांच्या ओळखीची आहे. रामदासी हस्तलिखितांचा मोठा संग्रह धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिरात आहे; खानदेशात ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. अलीकडे तिला एक पुरवणी जोडतात: दगडातला जीव विज्ञानाला आत्ता सापडला, आपल्याला तो आधीच ठाऊक होता. एका व्याख्यानात मीही असे बोलून टाळ्या घेतल्या. पुढे जळगावच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आपल्या काळ्या दगडात उजेड शिरेल का?" मला उत्तर देता आले नाही.

अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांतील खडकांत नीलहरित शैवाल असल्याचे इम्रे फ्रीडमन आणि रोझेली ओकांपो यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे वालुकाश्मात, पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरांवर, बुरशी आणि शैवालाचे काळे, पांढरे, हिरवे थर दिसले. वालुकाश्माच्या कणांतून थोडा उजेड झिरपतो, उन्हाने खडक हवेपेक्षा गरम होतो, वितळलेले हिम ओल पुरवते. तेवढ्या सवडीत जगायचे, एरवी गोठून राहायचे.

आख्यायिकेतली शिळा मात्र बंद हवी. ती बंद असते म्हणूनच बेडकाला भरवणारा कोणी लागतो, आणि अहंकाराला उत्तर मिळते. खरा खडक सच्छिद्र आहे आणि त्यातले शैवाल उजेडावर आपले अन्न आपणच करते. त्या गोष्टीला जीवशास्त्राची साक्षीदार केले, तर तिचा उपदेशही लंगडा पडतो आणि शास्त्रही.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) मला इथे जवळच्या वाटतात. मातीखालचे बी, कोंब, ऊन, वारा त्यांनी शेतात राबताना पाहिलेले आहेत. अर्थ त्या पाहण्यातूनच उगवतो. तरी त्यांनाही अंटार्क्टिकाला नेऊ नये. त्यांचे बी वर येण्यासाठी निजते. खडकातला जीव वाऱ्यात आणि थंडीत उघडा पडला की संपला. आत राहणे हेच त्याचे जगणे.

विद्यार्थिनीला आज मी सांगेन: आपला बेसाल्ट अपारदर्शक आहे. वालुकाश्मातला उजेड त्यात झिरपणार नाही. जीव शोधायचा तर भेगांत आणि पोकळ्यांत शोधावा लागेल. तिच्या प्रश्नात जे पाहणे होते, ते माझ्या टाळ्यांच्या वाक्यात नव्हते.