तुकड्याची साक्ष

फटाके उडवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापुरातल्या कोणत्याही बोळात जावे. पोरे जळक्या कागदांच्या चिंध्या वेचत असतात. "हा सुतळीबॉम्ब, ही लवंगी, ही रॉकेटची काडी!" असा निवाडा ती बिनचूक देतात. परंतु ते रॉकेट शेजाऱ्यांच्या वळचणीत मुद्दाम सोडले की चुकून शिरले, हे काही काडी सांगत नाही. तेथे भांडण जुंपते. युद्धाच्या बातम्या वाचताना मला या पोरांची आठवण होते.

युद्धवार्ता हेही एक लेखनच आहे आणि त्याचीही समीक्षा व्हावयास हवी. क्रूझ क्षेपणास्त्र विमानासारखे इंजिनाच्या जोरावर उडत जाते. स्फोटके भरलेला त्याचा भाग, म्हणजे वॉरहेड, फुटला की त्याच्या ठिकऱ्या होतात. इंजिन, शेपटीचे पत्रे, क्रमांक असलेले सुटे भाग पुष्कळदा उरतात. जाणकार वाचतो ते हे उरलेले.

८ जुलै २०२४ रोजी कीव्हमधील ओखमातदित या मुलांच्या रुग्णालयावर आघात झाला. रशियाने युक्रेनच्याच विमानवेधी क्षेपणास्त्राकडे बोट दाखविले. परंतु चित्रफितीत अस्त्राच्या शेपटीखाली जेट इंजिन दिसत होते. रशियाच्या केएच-१०१ ला ते तसेच असते. युक्रेनच्या तपासयंत्रणेने सापडलेले भागही पुढे मांडले. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी थेट आघाताची 'दाट शक्यता' एवढेच म्हटले. हा संयम मला थोर वाटतो.

उलट ९ मार्च २०२२ ची गोष्ट पाहा. भारताचे एक क्षेपणास्त्र पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यात स्फोटके नव्हती. अवशेष पाहून ते कोणते, याचा अंदाज बांधता आला असता. पण ते चुकून सुटले, हे पत्र्यावर कोरलेले नव्हते. दोन दिवसांनी आपल्या सरकारने चूक कबूल केली आणि चौकशीनंतर ऑगस्टमध्ये हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले.

माझी तक्रार आहे ती 'तुकडा सापडला, गुन्हेगार सापडला' अशा थाटाच्या मथळ्यांविषयी. तुकडा कोठे मिळाला, कोणी उचलला, त्यावर कोणता क्रमांक होता, हे ज्या बातमीत नाही, ती मी अर्धीच मानतो. आमच्या गावचा विणकर चादरीच्या काठावरून माग ओळखील. पण ती चादर कोणी चोरली, हे काठाला विचारणार नाही.

हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही. एका कादंबरीत मी निव्वळ रुमालावरून खुनी पकडला होता आणि वाचकांनी तो गोडही मानून घेतला. कादंबरीत असे खपते. परंतु रुग्णालयाच्या ढिगाऱ्यापुढे उभ्या असलेल्या आईला आपल्या आवडीचा शेवट नको असतो. तिला काय घडले ते हवे असते.