घड्याळ कुठून सुरू करायचं?

मंडळी, ‘पेशंट उशिरा आला’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं, की तेच निदान वाटू लागतं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्या खोडीनं विचारतो, हा उशीर मोजायचा कुठून?

जागतिक आरोग्य संघटनेचा स्तनाच्या कर्करोगाबाबतचा २०२३चा आराखडा घ्या. त्यात तीन उद्दिष्टं आहेत. पसरू शकणाऱ्या कर्करोगांपैकी ६० टक्क्यांहून अधिक पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत. बाई पहिल्यांदा दाखवायला आल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावं. आणि निदान ८० टक्के बायकांचे उपचार पूर्ण व्हावेत. यातलं तिसरं आम्हाला फार मोलाचं वाटतं. उपचार नुसते सुरू झाले म्हणून समाधान मानायची सोय त्यात नाही.

आमचा आक्षेप दुसऱ्याच्या वापराला आहे. ‘पहिल्यांदा आली’ म्हणजे कुठे? समजा, बाईनं गाठ गावातल्या डॉक्टरांना दाखवली. ‘दुखत नाही ना, मग काही नाही,’ म्हणून त्यांनी गोळ्या दिल्या. वास्तविक न दुखणारी गाठच तपासायला हवी. पुढे तालुक्याला सोनोग्राफी, जिल्ह्याला तुकडा काढून तपासणी, रिपोर्टसाठी हेलपाटे. चार महिन्यांनी ती मोठ्या रुग्णालयात पोचते, केसपेपरवर तारीख पडते आणि घड्याळ तिथं सुरू होतं. आधीचे महिने यंत्रणेनं घालवले. हिशेबात ते बाईच्या नावावर लागतात.

म्हणजे जागृती फुकट, असं नव्हे. बार्शीला १९८७पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी आहे. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणं समजावत गेले आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकर सापडण्याचं प्रमाण वाढलं. पण तिथं माणूस गावापर्यंत गेला होता, हे विसरू नका.

म्हणून आमची सूचना साधी आहे. गाठ ज्यांना पहिल्यांदा दाखवली, त्या आशाताई असोत की खाजगी डॉक्टर, त्यांनी त्याच दिवशीची तारीख घालून चिठ्ठी द्यावी. पुढे सगळीकडे मोजणी त्याच तारखेपासून. बाई तपासणीला आली नाही, तर फोन कुणी करायचा, त्याचंही नाव चिठ्ठीवर हवं.

चिठ्ठीनं पॅथॉलॉजिस्ट वाढत नाहीत, कबूल. पण घोडं कुठं अडलं, ते दिसतं. मग ‘पेशंट उशिरा आला’ म्हणण्याआधी ती चिठ्ठी वाचावी लागेल.