‘मौन’ : पाहुण्याचे आणि यजमानांचे

जपानी कादंबरीकार शूसाकु एन्दो यांची ‘चिन्मोकु’, म्हणजे ‘मौन’, ही कादंबरी १९६६ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला तानिझाकी पारितोषिक मिळाले. विल्यम जॉन्स्टन यांच्या इंग्रजी अनुवादावरून आम्ही ती वाचली. जपानी भाषा अवगत नसल्यामुळे मूळ शैलीविषयी मत देण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि तिच्या रचनेविषयी एक विचार वाचकांपुढे मांडावासा वाटतो. कारण छळाच्या काळात चोरून करावी लागणारी उपासना हा विषय गोमंतकीयांस परका नाही.

जपानात १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. फेरेइरा या ज्येष्ठ पोर्तुगीज पाद्र्याने १६३३ साली नागासाकी येथे छळापुढे नमून धर्म सोडला, ही इतिहासातील घटना. कादंबरीत या वार्तेचा शोध घेण्यासाठी आणि निराधार भाविकांस धीर देण्यासाठी रोद्रिगिश व गार्पे हे त्याचे दोन तरुण शिष्य लिस्बनहून निघतात. गोवा आणि मकाव करून ते एके रात्री जपानच्या किनाऱ्यावर उतरतात. दिवसा डोंगरावरच्या झोपडीत लपावे आणि रात्री येणाऱ्या गावकऱ्यांचे पापनिवेदन ऐकावे, असा त्यांचा क्रम सुरू होतो. पाद्री नसतानाही या गरीब शेतकऱ्यांनी धर्म टिकवला होता. बाप्तिस्मा कोणी द्यावा, प्रार्थना कोणी शिकवाव्यात, हे त्यांनी आपसांत ठरवून घेतले होते.

बहुतेक टीकाकार ‘भक्त मरत असता देव गप्प का?’ या प्रश्नापाशी थांबतात. प्रश्न मोठा आहे, यात शंका नाही. परंतु आमच्या मते कादंबरीचे मर्म त्याच्याही अलीकडे, या भेटीतच आहे. पाहुणा धीर देण्यास येतो आणि त्याच्या येण्याची किंमत यजमान देतात. अधिकाऱ्यांस सुगावा लागतो. गावकऱ्यांस ख्रिस्ताची प्रतिमा तुडविण्याची आज्ञा होणार, हे दिसू लागते. काय करावे असे ते विचारतात, तेव्हा रोद्रिगिश कळवळून ‘तुडवा’ म्हणतो आणि गार्पे त्याच्याकडे नापसंतीने पाहतो. पुढे मोकिची आणि इचिझो यांस समुद्रात खांबांना बांधतात व भरतीच्या पाण्यात ते हळूहळू प्राण सोडतात. पाद्री ते दुरून, लपून पाहतो.

हा भाग रोद्रिगिशच्या पत्रांतून आला आहे, आणि ही योजना आम्हांस फार मार्मिक वाटते. आपला कोणाला तरी उपयोग होत आहे, या आनंदात मिसळलेला सूक्ष्म अभिमान त्याच्याच लेखणीतून उघडा पडतो. पुढे मात्र पत्रे संपतात, निवेदन तृतीय पुरुषी होते. आता लेखकाला गावकऱ्यांच्या घरात शिरण्याची मोकळीक होती. तो शिरत नाही. कथा पाद्र्याच्या अंतःकरणातच फिरत राहते आणि खड्ड्यावर उलटे टांगलेल्या शेतकऱ्यांचे कण्हणेसुद्धा त्याच्या निर्णयाचे निमित्त होऊन येते. देवाच्या मौनाचा एवढा विचार करणाऱ्या कादंबरीत यजमानांचे मौन तसेच राहते. हे आम्ही तिचे वैगुण्य मानतो.

इतिहासाने हे मौन काही अंशी फोडले आहे. या लोकांनी दोनशेहून अधिक वर्षे पाद्र्यांवाचून काढली. कान्नोन देवतेच्या रूपात त्यांनी मरियेची मूर्ती पुजली, प्रार्थना मुखोद्गत ठेवल्या. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये त्यांच्यापैकी काहींनी फादर पेतिझाँ यांस आपली ओळख सांगितली. १८७३ साली बंदीचे फलक उतरले. तरीही काहीजण चर्चकडे न वळता वाडवडिलांच्या रीतीलाच धरून राहिले. जपान ही दलदल आहे, येथे या धर्माचे मूळ धरत नाही, असे कादंबरीतील अधिकारी इनोउए म्हणतो. हे लोक त्याला उत्तर आहेत. आणि आम्ही कोणासाठी आलो होतो, असा पाद्र्यांनी स्वतःस विचारावा असा प्रश्नही आहेत.

गोमंतकीय वाचकाने येथे थोडे थांबावे. फ्रान्सिस झेवियर १५४९ साली याच गोव्यातून जपानकडे निघाले. १५४६ साली राजास पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागणारेही तेच. ते १५६० साली आले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली ती या छळाच्या शतकातच. रोद्रिगिशच्या जहाजाने ज्या बंदरात नांगर टाकला, त्या मुलखातही उपासना चोरून चालली होती. उणेदुणे काढण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. आमच्या शाळांत दोन्ही धर्मांची मुले एका बाकावर बसतात. देव पदराखाली झाकून नदी ओलांडणारी बाई आणि प्रतिमेपुढे थरथरत उभा राहिलेला मोकिची यांची वेदना एकच आहे, हे त्यांस कळावे एवढाच हेतू.

ही कादंबरी मराठीत अवश्य शिकवावी. मात्र शिकविताना पाद्र्याने पाऊल टाकले ते योग्य की अयोग्य, एवढ्यावर चर्चा संपवू नये. रात्री ज्यांनी दार उघडले, त्यांचे काय झाले, हा प्रश्न आधी विचारावा.