महिकावतीची बखर आणि साष्टींतील कुळांचें मूळ

हल्लींचीं अंधेरी, मरोळ, मालाड, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड हीं उपनगरें ज्या भूमीवर वसलीं आहेत, ती जुन्या लेखांतील षट्षष्टी, म्हणजे साष्टी. येथील जुन्या घराण्यांच्या ज्या वंशावळी आमच्या पाहण्यांत आल्या, त्यांपैकीं बहुतेकींच्या शिरोभागीं एकाच आशयाचें वाक्य असतें : मूळ पुरुष बिंब राजाबरोबर शके १०६० (इ. स. ११३८) मध्यें कोंकणांत आला. कोणी त्यास पैठणाहून आणतो, कोणी चांपानेराहून. बरोबर आलेल्या कुळांची संख्या ६६ सांगण्याचीहि चाल आहे. पाठारे प्रभु आणि पांचकळशी यांच्या घरीं ही कथा आहेच, पण पोर्तुगीज अमलांत ख्रिस्ती झालेल्या घराण्यांतूनहि ती ऐकूं येते. इतकी सर्वमान्य कथा खोटी कशी असेल, असें विचारण्यांत येतें. आमचा प्रश्न निराळा आहे. ती कथा अमुक एका घराण्याच्या बाबतींत पुरावा होते काय ?

कथेचा मुख्य आधार महिकावतीची बखर हा होय. ती कै. राजवाडे यांनीं इ. स. १९२४ मध्यें प्रसिद्ध केली आणि हा एकहातीं ग्रंथ नसून निरनिराळ्या काळच्या प्रकरणांचा समुच्चय आहे, हें त्यांनींच दाखवून दिलें. त्यांतील जुना व महत्त्वाचा भाग केशवाचार्याचा. तो शके १३७० चा, म्हणजे इ. स. १४४८ चा, आणि तो रचण्यास निमित्त झाला तो मालाडचा देसला नायकोराव. उपनगरांतील वाचकांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. मुसलमानी अंमल स्थिर झाल्यावर आपापली कुळें, गोत्रें व आचार लोक विसरत चालले आहेत, या चिंतेंतून हें लेखन झालें. महाराष्ट्रधर्म हा शब्द त्यांत येतो तोहि याच संदर्भांत. तेव्हां इ. स. १४४८ मध्यें साष्टीचे लोक स्वतःविषयीं काय समजत होते, याला या बखरीइतका चांगला साक्षी दुसरा मिळावयाचा नाहीं. परंतु बिंबाचें आगमन तिच्याहून ३१० वर्षें मागचें. त्या गोष्टीला ती साक्षी नव्हे, ऐकीव सांगणारी आहे.

उलट शिला काय बोलतात तें पाहावें. माहुल येथील हरिपालदेवाचा लेख शके १०७५ चा आहे. अपरादित्याच्या परळ येथील इ. स. ११८७ च्या लेखांत षट्षष्टीचा नांवानिशीं उल्लेख आहे. हे दोघेहि शिलाहार. पुढें इ. स. १२७२ च्या ठाण्याच्या ताम्रपटांत यादव रामचंद्राचा अधिकारी अच्युत नायक साष्टींतील गांव दान देतो. म्हणजे ज्या काळांत व ज्या भूमीवर बिंबाच्या वंशाचें स्वतंत्र राज्य सांगितलें जातें, तेथें दानें दुसऱ्यांच्या नांवें होत आहेत. बिंब हा लहानसा मांडलिक असेल, अथवा देवगिरी संकटांत सांपडल्यावर शके १२१६ च्या सुमारास आलेला यादव बिंबदेव व हा एकच असून कथेंत ते दोन झाले असतील. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. कोणताहि पक्ष घेतला तरी शके १०६० हा आंकडा वंशावळीच्या माथ्यावर निःशंकपणें लिहितां येत नाहीं.

आतां वंशावळींकडे. एका साध्या गणिताचा उपयोग कोणी करीत नाहीं, याचें आश्चर्य वाटतें. इ. स. ११३८ पासून आजवर सुमारें नऊशें वर्षें झालीं. पिढीस तीस वर्षें धरलीं तर तीस पिढ्या लागतात. वंशावळींत पंधराच नांवें असलीं तर प्रत्येक बापास साठाव्या वर्षीं पुत्र झाला असें मानावें लागेल. दुसरें, राऊत, चौधरी, पाटील हीं अधिकाराचीं व मानाचीं नांवें आहेत. बखरींत राऊत आढळला व आपण राऊत, एवढ्यानें नातें जुळत नाहीं. ख्रिस्ती घराण्यांत तर बाप्तिस्म्याच्या वेळीं पोर्तुगीज आडनांव मिळालें, आणि एकच आडनांव एकाच गांवांत रक्ताचा संबंध नसलेल्या घरांनीं घेतलें.

हा मोह आमच्याच लोकांचा नव्हे. सतराव्या शतकांत इंग्लंडांतून अमेरिकेंत गेलेल्या वसाहतवाल्यांच्या वंशजांनीं मध्ययुगीन सरदारांशीं आपलें नातें लावण्याचा असाच सोस धरला. त्याचा फायदा घेऊन गुस्ताव्ह आंजू नांवाच्या गृहस्थानें धनिकांना बनावट वंशावळी विकल्या. पुढें डोनाल्ड लाइन्स जेकोबस प्रभृति संशोधकांनीं नियम कडक केला : नामसादृश्य हा पुरावा नव्हे, प्रत्येक पुत्राचा पिता कागदानें सिद्ध झाला पाहिजे. त्यांच्यापाशीं इ. स. १५३८ पासूनचीं इंग्लंडांतील चर्चचीं नोंदबुकें होतीं, त्याच्या मागें जमीनदारी न्यायसभांचीं दप्तरें होतीं. आमच्यापाशीं त्या मानानें अत्यल्प आहे. साधन तुटपुंजें असतां निर्णय अधिक सैल करावा, हें कोणतें तर्कशास्त्र ?

वंशावळ खालून वर चढली पाहिजे. इंग्रजी अमलांतील महसुली कागद, त्यामागें इ. स. १७३७ नंतरच्या मराठी अमलाचे कागद, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, ख्रिस्ती घराण्यांस चर्चचीं पुस्तकें. मरोळचें जुनें चर्च इ. स. १५७९ चें. तेवढ्या काळापर्यंत एखादें घराणें पोंचलें, तर नायकोरावाच्या काळापासून तें अवघें १३१ वर्षें दूर राहतें. पण तीं वर्षें कागदाशिवाय ओलांडतां यावयाचीं नाहींत. आणि बिंबाबरोबर आलेल्यांचाच शोध घेत असतां कोळी, आगरी, भंडारी यांचें मूळ कोणी पुसत नाहीं, हेंहि चमत्कारिक. कान्हेरीचीं लेणीं कोरलीं गेलीं तेव्हां साष्टी कांहीं ओस नव्हती.

संग्राहकांस एक विनंति. जुनी यादी उतरून घेतांना तिच्या डोक्यावर बिंबाचें नांव घालून ती शुद्ध केली व मूळ कागद टाकून दिला, असें झाल्याचीं लक्षणें नकलांत दिसतात : शाई नवी, वळण नवें, आणि पहिल्या चार पिढ्यांची भाषा छापील बखरीची. यादी अपुरी असेल तर अपुरीच छापावी. मूळ कागदाची लांबीरुंदी, लिपि, मागील बाजूचा मजकूर आणि तो कोणाच्या दप्तरांत मिळाला हें सोबत द्यावें, आणि फाटका असला तरी तो कागद जपून ठेवावा.